भाषा कळली नाही तरी स्टेशन ओळखता येतं

संध्याकाळी साडेसातच्या सुमारास शॉर्टवेव्ह रेडिओ लावून ३१ मीटर बँडवर सुई हळूहळू सरकवली, तर पुण्यात काय आणि परभणीत काय, पाच-दहा मिनिटांत चार-पाच परक्या भाषा कानावर पडतात. चिनी तर हमखास. अरबी, फारसी, रशियन लागण्याचीही शक्यता चांगली. नवा श्रोता इथेच एक समजूत करून घेतो: अरबी लागली म्हणजे स्टेशन अरबस्तानातलं, फारसी लागली म्हणजे इराणचं. एफएमच्या बाबतीत अशी समजूत चालून जाते. शॉर्टवेव्हवर ती बऱ्याचदा चुकते, कारण इथे भाषा ठरते ती ज्याच्यापर्यंत पोचायचं आहे त्या श्रोत्यावरून. बोलणारा देश वेगळा असू शकतो, आणि ज्या मनोऱ्यावरून लहर सुटते तो देश तिसराच.

तिबेटचं उदाहरण यासाठी फार स्वच्छ आहे. ‘व्हॉइस ऑफ तिबेट’ हे केंद्र १९९६ मध्ये नॉर्वेतल्या संस्थांच्या पुढाकाराने सुरू झालं. कार्यक्रम तयार होतात ते हिमाचलातल्या धरमशाळेत, श्रोते आहेत तिबेटमध्ये, आणि प्रसारण बरीच वर्षं होत आलं ते ताजिकिस्तानातून. आपली आकाशवाणीही यात मागे नव्हती. तिच्या परदेश सेवेने अरबी, फारसी, दारी, पश्तू, चिनी, तिबेटी, नेपाळी अशा अनेक भाषांत कार्यक्रम केले. त्यासाठी बंगळुरूजवळ ५०० किलोवॅटचे ट्रान्समीटर उभे राहिले, आणि आपल्या शेजारी पणजीलाही २५० किलोवॅटचे होते. म्हणजे पूर्वी कुणाला दूरदेशी आपल्या भाषेत बातम्या ऐकू येत, तेव्हा ती लहर गोव्याच्या मातीतून निघालेली असण्याची शक्यता असे. ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

लहर इतक्या लांब जाते कशी

साधारण ३ ते ३० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या रेडिओ लहरींना शॉर्टवेव्ह म्हणतात. आकाशवाणीच्या मराठीत लघुलहरी. एफएमच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, म्हणून डोंगर आड आला की संपल्या. लघुलहरींना मात्र वर एक आधार मिळतो. सूर्याचे अतिनील आणि क्ष-किरण वातावरणाच्या वरच्या थरांतल्या अणू-रेणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे करतात. सुट्या इलेक्ट्रॉनांच्या या थराला आयनोस्फिअर म्हणतात. शॉर्टवेव्हची लहर तिरपी वर गेली की तिथे हळूहळू वाकते आणि पुन्हा जमिनीकडे वळते. कॅरममध्ये आड बसलेली सोंगटी घ्यायला आपण स्ट्रायकर कडेवर आपटून आणतो, तसंच हे. पृथ्वीच्या गोलाईआड लपलेला श्रोता या उसळीमुळे टप्प्यात येतो.

एका उसळीत लहर तीन-चार हजार किलोमीटर गाठू शकते. खाली समुद्रावर किंवा जमिनीवर आदळून ती परत वर जाते, परत वाकते. अशा दोन-तीन उसळ्या घेतल्या की खंड ओलांडला जातो. यातून एक विचित्र परिणाम होतो. ट्रान्समीटरच्या अगदी जवळ जमिनीलगतची लहर ऐकू येते, खूप दूर उसळी घेतलेली लहर ऐकू येते, आणि मधल्या शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात काहीच पोचत नाही. बंगळुरूहून आखातासाठी केलेलं प्रसारण दुबईत खणखणीत आणि दक्षिण महाराष्ट्रात अगदीच क्षीण, असं होऊ शकतं.

आयनोस्फिअर एकसंध नाही. लांबचा पल्ला मिळवून देतो तो एफ थर, साधारण २०० ते ४०० किलोमीटर उंचीवरचा. त्याच्या खूप खाली, ६० ते ९० किलोमीटरवर, डी थर असतो. तो लहर परत पाठवत नाही, शोषून घेतो, आणि कमी फ्रीक्वेन्सीच्या लहरी जास्त शोषतो. पण हा थर सूर्यावर जगतो. सूर्य मावळला की तो झपाट्याने विरतो, एफ थर मात्र रात्रीही बऱ्यापैकी टिकून राहतो. रेडिओवरचं वेळापत्रक या एका कारणावर उभं आहे. दुपारी १३, १६, १९ मीटरचे बँड चालतात, रात्री ४९, ४१, ३१ मीटरचे. दिवस कलताना २५ आणि ३१ मीटर दोन्ही जागे असतात, म्हणून नवशिक्याने संध्याकाळच निवडावी.

आकाशात असा थर खरोखर आहे हे एडवर्ड ॲपलटन यांनी १९२४ मध्ये इंग्लंडमध्ये बीबीसीचा ट्रान्समीटर वापरून दाखवलं. पुढे १९४७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपल्याकडे कोलकात्यात शिशिरकुमार मित्र आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी याच थरांवर मोलाचं संशोधन केलं. शॉर्टवेव्हच्या गप्पांत त्यांचं नाव क्वचितच निघतं, ते निघायला हवं.

सूर्याचं आणखी एक चक्र आहे, सुमारे ११ वर्षांचं. त्यावरचे डाग वाढले की आयनोस्फिअर दाट होतं आणि १३, १६ मीटरसारखे वरचे बँड जोरात चालतात. चालू चक्र कमाल टप्प्यात पोचल्याचं ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालं. सूर्यावर मोठी ज्वाला उसळली, तर तिचे क्ष-किरण आठ मिनिटांत इथे पोचतात, डी थर एकाएकी दाट होतो आणि पृथ्वीच्या उजेडाच्या बाजूला शॉर्टवेव्ह चक्क गप्प होते. अशा वेळी सेट बिघडला समजून उघडायला घेऊ नये. तासाभरात बहुधा सगळं परत येतं.

मीटर आणि किलोहर्ट्झ

जुन्या सेटवर मीटर, म्हणजे लहरीची लांबी, लिहिलेली असते, नव्यावर किलोहर्ट्झ, म्हणजे फ्रीक्वेन्सी. हिशोब सोपा आहे: ३०० ला मेगाहर्ट्झने भागलं की मीटर मिळतात, आणि ३०० ला मीटरने भागलं की मेगाहर्ट्झ. खरं उदाहरण घेऊ. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. ‘भारतातल्या कुठल्यातरी ठिकाणाहून, ४२.३४ मीटरवर’ अशी त्याची घोषणा असे. ३०० भागिले ४२.३४ केलं तर साधारण ७.०८५ मेगाहर्ट्झ येतात, म्हणजे सुमारे ७०८५ किलोहर्ट्झ. आजच्या डिजिटल सेटवर ती जागा ४१ मीटर बँडच्या जरा अलीकडे येते. उषाताई तेव्हा २२ वर्षांच्या होत्या. पोलिसांना चुकवत मुंबईतल्या जागा बदलत हे केंद्र चालवलं गेलं, आणि १२ नोव्हेंबर १९४२ ला त्यांना अटक झाली. शॉर्टवेव्हचं बळ यात दिसतं: एका खोलीत मावणारी यंत्रणा, आणि आवाकाही मोठा.

कोणती भाषा, कुणासाठी

भाषा श्रोत्यावरून ठरते हे पटायला इतिहासाकडे बघणं पुरेसं आहे. बीबीसीने पहिली परकी भाषा निवडली ती शेजारची फ्रेंच किंवा जर्मन नव्हती. जानेवारी १९३८ मध्ये सुरुवात झाली अरबीने, कारण मुसोलिनीच्या इटलीचं बारी इथलं रेडिओ केंद्र अरब जगाला ब्रिटिशांविरुद्ध अरबीतून चेतवत होतं. ऑल इंडिया रेडिओच्या परदेश प्रसारणाची पहिली भाषा होती पश्तू, १ ऑक्टोबर १९३९ पासून. महायुद्ध सुरू होऊन महिनाच झाला होता आणि अफगाणिस्तानात जर्मन प्रचार पोचत होता, त्याला उत्तर द्यायचं होतं. कुठल्याही देशाच्या भाषांची यादी समोर धरा, त्याची काळजी आणि महत्त्वाकांक्षा कुठे होती ते कळतं.

मराठीलाही हा मान मिळाला. १९४२ मध्ये नेताजींच्या बर्लिनमधल्या आझाद हिंद रेडिओवरून ज्या भारतीय भाषांत बातम्या दिल्या जात त्यांत मराठी होती. बीबीसीनेही युद्धकाळात लंडनहून मराठी प्रसारण केलं. मराठी लेखिका वेणू चितळे तेव्हा बीबीसीच्या भारतासाठीच्या विभागात काम करत होत्या. एकाच महायुद्धात दोन्ही बाजूंना मराठी माणसाच्या कानाशी बोलायचं होतं.

गोव्याचं उदाहरण मला सर्वांत जवळचं वाटतं. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी २५ नोव्हेंबर १९५५ पासून ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ हे गुप्त केंद्र चालवलं, आधी आंबोलीच्या जंगलातून, नंतर कॅसलरॉकच्या रानातून. डिसेंबर १९६१ पर्यंत, म्हणजे गोवा मुक्त होईपर्यंत. प्रसारणं दोन भाषांत होत, कोकणी आणि पोर्तुगीज. कोकणी गोंयकारांसाठी हे उघडच आहे. पोर्तुगीज होती ती राज्यकर्त्यांनी आणि त्यांच्या सैनिकांनी ऐकावं म्हणून. लिबियाबाईंना २०२५ मध्ये वयाच्या शंभरीत पद्मश्री जाहीर झाली.

आणि रेडिओ सिलोन तर घराघरांतला. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, जन्माने पुणेकर, १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं. महायुद्धात सैनिकांसाठी बसवलेला शक्तिशाली ट्रान्समीटर कोलंबोत होताच. त्यावरून हिंदी गाणी लागत आणि अख्खा भारत परक्या देशाचं स्टेशन आपलं मानून ऐकू लागला.

ओळखायचं कसं

पहिली किल्ली वेळ. जगभरातली केंद्रं यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ पाळतात. आपण त्याच्या साडेपाच तास पुढे आहोत, त्यामुळे त्यांचा तास भरतो तेव्हा आपल्या घड्याळात साडे वाजलेले असतात. १४०० यूटीसी म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. केंद्रं नाव सांगतात ते मुख्यतः तासाच्या आणि अर्ध्या तासाच्या ठोक्याला. तेव्हा सात पंचवीस झाले की सुई फिरवणं थांबवा आणि एका जागी बसा.

ती पाच मिनिटं नीट ऐकण्यासारखी असतात. रिकाम्या फ्रीक्वेन्सीवर सारखी खरखर चालू असते. अचानक ती दबते, सिग्नलचे आकडे वर चढतात, पण आवाज काहीच नाही. कुठेतरी शेकडो किलोवॅटचा ट्रान्समीटर चालू झाला आहे आणि नुसती वाहक लहर येते आहे. मग एक छोटी धून सुरू होते, पुन्हा पुन्हा तीच. तिला इंटर्व्हल सिग्नल म्हणतात, आणि श्रोत्याने सेट नेमका जुळवून घ्यावा एवढ्यासाठीच ती असते. जर्मनीच्या डॉइचे वेले केंद्राची धून बेथोवनच्या ‘फिडेलिओ’ या संगीतिकेतली होती, रेडिओ ऑस्ट्रेलियाच्या सुरुवातीला कुकाबरा पक्षी हसायचा. आकाशवाणीची तंबोऱ्यावरची धून तर आपल्या रक्तातच आहे. ती वॉल्टर कॉफमन यांची मानली जाते. नाझींच्या छायेतून निसटून मुंबईत आलेले हे ज्यू संगीतकार आकाशवाणीच्या मुंबई केंद्रात काम करत. धुनेनंतर वेळेचे टोले, आणि मग निवेदक केंद्राचं नाव घेतो. हे पहिलं वाक्य हातचं जाऊ देऊ नका, कारण त्यात देशाचं किंवा शहराचं नाव असतं आणि ती नावं कुठल्याही भाषेत बहुधा ओळखू येतात. अरबीत ‘हुना’ म्हणजे ‘इथे’, फारसीत ‘इन्जा’. चिनीत ‘दिएनथाय’ ऐकू आलं तर ते ‘रेडिओ केंद्र’.

नाव हुकलं तर कानावर भिस्त ठेवायची, आणि इथे मराठी माणसाला एक फायदा आहे. दुनिया, जमीन, बाजार, शहर, जंग हे फारसी शब्द आपल्याला शिवकाळाच्याही आधीपासून ओळखीचे. असे शब्द भरभर येत असतील पण ट, ड, ण अजिबात ऐकू येत नसतील, तर ती फारसी किंवा अफगाणिस्तानातली दारी. तसल्याच शब्दांत ट, ड, ण खणखणीत वाजले आणि तरी उर्दूसारखं काही कळत नसेल, तर पश्तू. अरबीत घशातून येणारे आवाज आणि शब्दांआधीचं ‘अल’ लपत नाही. वाक्यामागून वाक्य ‘छ’ किंवा ‘छन्’वर संपत असेल तर नेपाळी. पूर्वेकडच्या सुरावटीच्या भाषा एकमेकींपासून वेगळ्या काढणं अवघड, पण शब्दाचा शेवट ऐका: पेकिंगकडची चिनी स्वरावर, ‘न’वर किंवा ‘ङ’वर संपते, तर कँटोनीज, व्हिएतनामी आणि थाई भाषांत तुटक क्, त्, प् शेवटी येतात. थोड्या दिवसांत हे फरक आपोआप बसतात, पाठ करावे लागत नाहीत.

ओळख पटली तरी एक प्रश्न उरतो: हे आपल्यासाठी नसताना इथे का ऐकू येतंय? मोठी केंद्रं तारांच्या प्रचंड पडद्यासारख्या अँटेना वापरून लहर ठरावीक दिशेला पाठवतात. पण झोत दूर जाताना पसरतो, थोडी लहर बाजूंना आणि मागेही निसटते. चीनमधून अरब जगाकडे किंवा आफ्रिकेकडे पाठवलेल्या लहरीच्या वाटेवर किंवा वाटेलगत आपण येतो.

गोंगाट मुद्दाम केलेला

कधी एकाच जागी दोन आवाज एकमेकांवर चढलेले सापडतात. हा योगायोग असेलच असं नाही. नको असलेलं प्रसारण बुडवायला त्याच फ्रीक्वेन्सीवर दुसरा सिग्नल सोडतात, याला जॅमिंग म्हणतात. सोव्हिएत संघाने पाश्चात्त्य केंद्रांवर ते वर्षानुवर्षं केलं आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस थांबवलं. चीनचं चालूच आहे. पूर्वी ढोल-झांजांचं तासभर चालणारं संगीत वाजवलं जायचं, हल्ली बहुधा चीनचंच देशांतर्गत रेडिओ प्रसारण वर टाकलं जातं. शॉर्टवेव्हच्या फ्रीक्वेन्सी साधारणपणे ० किंवा ५ ने संपतात. व्हॉइस ऑफ तिबेट मात्र त्याच्या एक-दोन किलोहर्ट्झ अलीकडे-पलीकडे सरकत राहतं, जॅमरला चुकवण्यासाठी. तुमच्या सेटवर अशा अडनिड्या आकड्यावर एखादी बाई शांतपणे बोलत असेल आणि शेजारून मोठ्याने चिनी ऐकू येत असेल, तर तुम्ही एक झटापट प्रत्यक्ष ऐकता आहात.

म्हणूनच शॉर्टवेव्ह कालबाह्य झाली असं मी मानत नाही. केंद्रं खूप बंद पडली हे खरं. रेडिओ नेदरलँड्सने २०१२ मध्ये गाशा गुंडाळला, रेडिओ ऑस्ट्रेलियाने जानेवारी २०१७ मध्ये लघुलहरी सोडल्या, बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण ३१ जानेवारी २०२० ला थांबलं आणि आपल्याकडे कितीतरी घरांत हळहळ झाली. पण रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर मार्च २०२२ मध्ये बीबीसीने त्या भागासाठी पुन्हा शॉर्टवेव्ह सुरू केली, आणि २०२३ मध्ये सुदानसाठी अरबीतून. इंटरनेट तोडता येतं, मोबाइलचे मनोरे बंद करता येतात, कोण काय बघतो याची नोंद ठेवता येते. हजारो किलोमीटरवरून आलेली लहर घरातल्या साध्या सेटवर कुणी ऐकली, हे कोणालाच कळत नाही.

सुरुवात करायची तर

जुना मर्फी किंवा फिलिप्स चालू असेल तर त्याने सुरुवात करा. नवा घ्यायचा तर फ्रीक्वेन्सीचे आकडे दाखवणारा छोटा डिजिटल सेट घ्या, टेकसनसारख्या कंपन्यांचे मिळतात. सेटपेक्षा जागा महत्त्वाची. सिमेंट-लोखंडाच्या इमारतीत लहर आत शिरत नाही, म्हणून खिडकी, गॅलरी किंवा गच्ची गाठा. सेटच्या दांडीला पाच-सात मीटर साधी वायर चिमट्याने लावून बाहेर सोडली तरी फरक पडतो, मात्र विजा चमकत असतील तेव्हा ती काढून ठेवा. आणि आजच्या घरातला खरा शत्रू म्हणजे एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर. ते एकेक बंद करून बघा, कुठल्या प्लगमधून भुणभुण येते ते लगेच सापडेल. गावी वीज जाते तेव्हा बॅटरीवर रेडिओ लावलात तर बँड किती स्वच्छ असू शकतो हे समजेल.

सेटच नसेल तर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रेडिओ मोबाइलवरून चालवता येतो. २००८ मध्ये तो इंटरनेटवर सर्वांना पहिल्यांदा खुला झाला. अर्थात तिथे ऐकू येतं ते युरोपातलं आकाश, आपलं नाही.

वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. ओळखीचं स्टेशन त्या सुमारास गायब झालं तर आधी आजूबाजूच्या बँडवर शोधा.

ऐकलेलं लिहून ठेवा: तारीख, यूटीसी वेळ, फ्रीक्वेन्सी, भाषा. सिग्नलसाठी सिन्पो नावाची पाच आकड्यांची पद्धत आहे. सिग्नलचा जोर, दुसऱ्या केंद्राचा अडथळा, खरखर, आवाजाचं खाली-वर होणं आणि एकूण दर्जा, प्रत्येकाला १ ते ५ गुण, ५ म्हणजे उत्तम. हा अहवाल केंद्राला पाठवला तर बरीच केंद्रं तपासून क्यूएसएल नावाचं सचित्र कार्ड पाठवतात. आकाशवाणीही देत आली आहे. भाषा येत नसल्याने अहवाल अडत नाही. १४०२ ला बाईचा आवाज, १४०७ ला बासरीसारखं वाद्य, १४१० च्या बातमीत ‘काबूल’ आणि ‘इस्लामाबाद’ ही नावं, असं मिनिटागणिक लिहा. भाषा कळली नाही हेही खुशाल लिहा. निदान दहा-पंधरा मिनिटांची नोंद असू द्या, आणि केंद्राच्या संकेतस्थळावरून उचललेला मजकूर त्यात मिसळू नका. झोताबाहेरच्या गावात आपली लहर कशी पोचली हे अभियंत्यांना तुमच्याच नोंदीवरून कळणार असतं.